न खेळलेली खेळणी

सुपरमॅनचे नाव ज्याच्या कानावर पडले नाही असा शाळकरी मुलगा आज मुंबईत सापडणे कठीण, आणि इंदूर-बडोद्यातही कठीण. हा वीर मूळचा पृथ्वीवरचा नव्हे. त्याचा ग्रह नष्ट झाला, आईबापांनी त्याला तान्हेपणीच अग्निबाणात ठेवून आकाशात सोडून दिले, आणि तो अमेरिकेतील एका शेतकरी कुटुंबात वाढला, अशी त्याची कथा आहे. अंगी सामर्थ्य अचाट. पण एरवी हा गृहस्थ क्लार्क केंट या नावाने एका वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरी करतो, चष्मा लावतो आणि चारचौघांत थोडा बुजऱ्यासारखा वागतो.

न्यूयॉर्कच्या मेगो या खेळण्यांच्या कंपनीने १९७२ साली या सुपरमॅनचा आठ इंच उंचीचा बाहुला बाजारात आणला. निळा पोशाख, खांद्यावरून मागे सोडलेले तांबडे उपरणे, हातपाय हवे तसे वळविता येणारे. पुढे १९७४ साली त्याच कंपनीने क्लार्क केंटचाही बाहुला काढला. अंगावर साधा कोट आणि डोळ्यांवर चष्मा. तो माँटगोमेरी वॉर्ड या एकाच व्यापारी पेढीमार्फत विकला गेला. आज पन्नासांहून अधिक वर्षांनी स्थिती अशी आहे की, त्या मालिकेतील सुपरमॅन थोड्या शोधाने मिळू शकतो. क्लार्क केंट मात्र संग्राहकाला वर्षानुवर्षे हुलकावणी देतो, आणि मिळालाच तर सुपरमॅनच्या कितीतरी पट दाम मोजावे लागते.

श्रोतेहो, हा न्याय मोठा उलटा आहे. ज्याच्यासाठी मुले रडली तो स्वस्त, आणि ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही तो महाग! असे का व्हावे, हे ज्याला उमगले त्याला चित्रकथांतील वीरांच्या बाहुल्यांचा संग्रह हा छंद काय आहे हे बहुतांशी उमगले असे म्हणावयास हरकत नाही. या छंदाला आपल्याकडे ‘पोरखेळ’ म्हणून हिणविण्याची रीत आहे. तो खेळ पोरांचा होता हे खरे. परंतु आज त्याच्यामागे लागलेली माणसे पोरे नव्हेत, आणि ती जे शोधतात तेही निव्वळ खेळणे नव्हे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. विज्ञानकथा आणि चित्रकथा या दोघी अमेरिकेत जवळजवळ एकाच अंगणात वाढल्या. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्या मासिकाच्या ऑगस्ट १९२८ च्या अंकात फिलिप नोलन यांची एक कथा आली. तिचा नायक जवळजवळ पाचशे वर्षे निद्रिस्त राहून पंचविसाव्या शतकात जागा होतो. हीच कथा पुढे डिक कॅल्किन्स यांच्या चित्रांसह ७ जानेवारी १९२९ पासून वृत्तपत्रांतून चित्रपट्टीच्या रूपाने येऊ लागली आणि बक रॉजर्स हे नाव घरोघर पोहोचले. १९३४ साली मिशिगन राज्यातील प्लिमथ गावच्या डेझी या हवेच्या बंदुका बनविणाऱ्या कंपनीने बक रॉजर्सचे अग्निबाण-पिस्तूल पत्र्यात घडवून विकावयास काढले. त्यातून गोळी सुटत नसे, नुसता आवाज निघे. दिवस आर्थिक मंदीचे होते. तरीही त्या पिस्तुलावर मुलांच्या उड्या पडल्या. कागदावरच्या वीराची वस्तू मुलाच्या हातात द्यावी, हा व्यापाराचा मंत्र तेव्हापासून सिद्ध झाला.

सुपरमॅनही याच अंगणातला. क्लीव्हलंडमधील जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोघे तरुण १९३३ साली ‘सायन्स फिक्शन’ याच नावाचे एक घरगुती नियतकालिक स्वतः छापून वाटीत असत. त्यांच्या कल्पनेतील हा परग्रहवासी जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या पहिल्या अंकात अवतरला. अंकाची किंमत दहा सेंट. त्या दोघांना या वीराच्या सर्व हक्कांबद्दल मिळाले एकशे तीस डॉलर. हा आकडा लक्षात ठेवावा. त्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे. दोनच वर्षांनी, १९४० साली, आयडियल या कंपनीने सुपरमॅनचा सांधेदार बाहुला बनविला. अवयव काही लाकडाचे आणि काही भुसा व सरस यांच्या लगद्याचे. त्या बाहुल्यांपैकी जे आज शिल्लक आहेत त्यांतील पुष्कळांच्या अंगावर बारीक तडे गेलेले दिसतात. कारण हा लगदा दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि दरवेळी रंगाचा पापुद्रा थोडा उकलतो.

परंतु ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता. तो जन्मला १९६४ साली, आणि त्याच्या जन्माला एक लज्जा कारण झाली. त्यापूर्वी पाच वर्षे बार्बी नावाच्या बाहुलीने असे दाखवून दिले होते की, बाहुली एकदा विकली की तिचे कपडे वर्षानुवर्षे विकता येतात. हीच युक्ती मुलांच्या बाबतीत करावी असे हॅस्ब्रो कंपनीच्या मनात आले आणि तिने जी. आय. जो नावाचा बारा इंची सैनिक तयार केला. आता प्रश्न असा की, कोणता अमेरिकन बाप आपल्या मुलाला बाहुली विकत घेऊन देणार? म्हणून कंपनीने आपल्या लोकांस ताकीद दिली की, याला बाहुली म्हणावयाचे नाही. ही ‘ॲक्शन फिगर’ आहे. नाव बदलले आणि बाहुली मर्दानी झाली. दुनियेतल्या पुष्कळ गोष्टी अशाच केवळ नावाने बदलतात.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९६६ साली, आयडियल कंपनीचा कॅप्टन ॲक्शन आला. तो खरोखरीचा बहुरूपी. बाहुला एकच, पण त्याच्यावर चढविण्यासाठी निरनिराळ्या चित्रकथांतील वीरांचे पोशाख आणि मुखवटे वेगळे विकत मिळत. त्यांत सुपरमॅन होता, बॅटमॅन होता, अंतराळवीर फ्लॅश गॉर्डन होता आणि फँटमही होता. हा फँटम म्हणजे आपला वेताळ. मुंबईहून १९६४ साली सुरू झालेल्या आणि १९९० पर्यंत चाललेल्या इंद्रजाल कॉमिक्सने त्याला आणि फ्लॅश गॉर्डनला मराठीसह अनेक भारतीय भाषा बोलावयास लावले होते. तेव्हा आपल्या एका पिढीने ज्यांना कागदावर पाहिले, तेच वीर सातासमुद्रांपलीकडे त्याच सुमारास मुलांच्या मुठीत वावरत होते. आपल्याकडे कथा पोहोचली, बाहुला पोहोचला नाही.

कॅप्टन ॲक्शनच्या एकेका पोशाखात पट्टा, बूट, मुखवटा, शस्त्र अशा कितीतरी बारीकसारीक वस्तू असत. मूल खेळते म्हणजे काय करते? ते बाहुल्याला अंगणात नेते, वाळूत पुरते, पाण्यात बुडविते, आणि संध्याकाळी हाक आली की उचलून घरी आणते. बाहुला घरी येतो. त्याचा एक बूट मात्र वाळूत राहतो. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे आठवा. देवदिवाळीपर्यंत त्यांतला एखादा जरी अखंड उरला तरी पुष्कळ. खेळ हा खेळण्याला झिजवीतच असतो. किंबहुना झिजणे हेच खेळण्याचे जीवितकार्य होय. म्हणून आज संग्राहकाला बाहुला सहज मिळतो, पण त्याचा बोटाएवढा बूट मिळविण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो.

मेगो कंपनीने १९७२ पासून या धंद्याला शिस्त लावली. अंग एकाच साच्यातले. बदलावयाचे ते फक्त डोके आणि कपडे. त्यामुळे खर्च कमी. शिवाय एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या डीसी आणि मार्व्हल या दोन्ही चित्रकथा-प्रकाशकांचे वीर तिने एका मालिकेत आणून बसविले. अगदी प्रथम निघालेल्या बॅटमॅनचा मुखवटा काढता-घालता येत असे. ते काम खर्चाचे म्हणा वा मुखवटा हरवण्याचे भय म्हणा, थोड्याच अवधीत मुखवटा डोक्याच्या साच्यातच ओतून रंगविण्यात येऊ लागला. ज्या मुलाला दुसरा मिळाला त्याला काही कमी पडले नाही. पण आजचा संग्राहक या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर मानतो. क्लार्क केंटचेही तसेच. त्याच्याबरोबर बॅटमॅनचा ब्रूस वेन, रॉबिनचा डिक ग्रेसन आणि स्पायडरमॅनचा पीटर पार्कर असे चौघे साध्या वेषातले वीर त्या एका पेढीने विकले. कचेरीत जाणाऱ्या माणसाशी मूल काय खेळणार? तसा माणूस तर घरात रोजच दिसतो! जे थोडे झाले तेच दुर्मीळ झाले, आणि ज्याची उपेक्षा झाली तेच मौल्यवान ठरले.

या मेगोच्या अंताची हकीकतही बोधप्रद आहे. १९७६ च्या सुमारास एका नव्या अंतराळ-चित्रपटाचे बाहुले बनविण्याचा प्रस्ताव तिच्याकडे आला होता. तो तिने नाकारला. तो चित्रपट म्हणजे ‘स्टार वॉर्स’. मार्व्हलने त्याची चित्रकथा चित्रपटाच्याही आधी, १९७७ च्या वसंतात, विकावयास काढली होती. हे काम केनर या कंपनीने घेतले. पण मागणी एवढी उसळली की त्या वर्षीच्या नाताळापर्यंत बाहुले तयार होईनात. तेव्हा केनरने एक पाकीट विकले. आत बाहुला नव्हता, बाहुला पुढे टपालाने पाठवू असे वचनपत्र होते! १९७८ साली आलेले ते बाहुले पावणेचार इंचांचेच होते. उंची कमी केल्यामुळे त्यांच्यासाठी मोठाली अंतराळयाने बनविणे परवडू लागले. पुढे हेच माप रूढ झाले आणि १९८२ साली मेगोचे दिवाळे वाजले.

चित्रकथेतून बाहुला निघतो हे आपण पाहिले. पण कधीकधी गंगा उलटी वाहते. जपानच्या ताकारा कंपनीचे मायक्रोमॅन हे लहानगे अंतराळवीर मेगोने १९७६ साली मायक्रोनॉट्स या नावाने अमेरिकेत आणले. मार्व्हलचे लेखक बिल मँटलो यांनी आपल्या मुलाला नाताळात मिळालेली ही खेळणी पाहिली, आणि त्यांच्याभोवती त्यांनी एक संपूर्ण विश्व रचले. त्या खेळण्यांची चित्रकथा १९७९ पासून निघू लागली. त्याच वर्षी पार्कर ब्रदर्स या कंपनीने रॉम नावाचा दिवे लागणारा, आवाज करणारा एक अंतराळयोद्धा विकावयास काढला. बाहुला चालला नाही. परंतु त्याच्या जाहिरातीला हातभार म्हणून मार्व्हलने सुरू केलेली त्याची कथा, तीही मँटलो यांचीच, १९८६ पर्यंत पंचाहत्तर अंक चालली. शरीर गेले आणि आत्मा उरला! आज रॉम शोधणारे लोक त्या बाहुल्याच्या कारागिरीसाठी त्याला शोधीत नाहीत; ज्या कथेने त्याला पुढे प्राण दिला, तिच्या ओढीने शोधतात.

आता त्या एकशे तीस डॉलरांकडे वळू. सुपरमॅनच्या नावाने बाहुले, पोशाख, चित्रपट यांचा मोठा व्यापार उभा राहिला. त्यात सीगल आणि शूस्टर यांचा वाटा नव्हता. पुष्कळ झगडा झाल्यावर १९७५ साली त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून नावाचा उल्लेख मिळाला. याउलट एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. जॅक कर्बी या थोर चित्रकाराने १९७०-७१ च्या सुमारास डीसीसाठी नव्या देवतांची एक अंतराळ-पुराणकथाच निर्माण केली होती. डार्कसाइड हा त्यातला खलनायक. १९८४ साली केनरने ‘सुपर पॉवर्स’ ही बाहुल्यांची मालिका काढली. पाय दाबले की हात ठोसा मारी, अशी त्यांची रचना असे. तेव्हा डीसीच्या चालकांनी कर्बींना त्यांच्या जुन्या पात्रांची नवी रेखाटने करण्याचे काम दिले, ते अशासाठी की त्या रेखाटनांच्या आधारे पात्रांवरील मानधनाचा हक्क त्यांना मिळावा. तो मिळाला. ‘सुपर पॉवर्स’चा डार्कसाइड हातात घेणाऱ्या जाणत्या संग्राहकाला ही हकीकत ठाऊक असते. म्हणून मी म्हणतो की, या छंदातली खरी कमाई कपाटात नसून माहितीत असते. वस्तू पैसा देऊन येते. तिच्यामागे कोणाचा हात होता, कोणावर अन्याय झाला आणि कोणाला थोडा न्याय मिळाला, हे मात्र पैसा देऊन येत नाही.

हे ज्ञान व्यवहारातही लागते. कारण या वस्तूंचे शत्रू तीन आहेत. पहिला खेळ, त्याच्याविषयी बोललो. दुसरा घरातील स्वच्छता. मुलगा मोठा झाला, शिक्षणासाठी परगावी गेला, की अमेरिकन गृहिणी त्याचे जुने खोके उकिरड्यात टाकी, अशी तक्रार या छंदातील लोकांच्या तोंडी नेहमी असते. त्यापूर्वीच्या पिढीची खेळणी महायुद्धाने नेली. युद्धसाहित्यासाठी रद्दी कागद, धातू आणि रबर गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा मुलांनी देशभक्तीने आपली चित्रकथांची मासिके आणि पत्र्याची खेळणी देऊन टाकली. जून १९३८ च्या त्या दहा सेंटांच्या अंकाची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरांना विकली गेली, त्याचे एक कारण हेच की त्याच्या बहुतेक बहिणी रद्दीत गेल्या.

तिसरा शत्रू सर्वांत शांत आणि सर्वांत चिवट. तो म्हणजे काळ, अथवा शास्त्रीय भाषेत बोलावयाचे तर पदार्थांचे विघटन. प्लास्टिक अमर असते असा आपला समज आहे. तो संग्राहकापुरता तरी खोटा आहे. मऊ प्लास्टिकमध्ये त्याला लवचीक ठेवणारी तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. वर्षानुवर्षांनी ती पाझरून पृष्ठभागावर येतात, बाहुला चिकट लागतो आणि धूळ धरतो. पांढरे प्लास्टिक प्रकाशाने पिवळे पडते. कापडी उपरण्याचा तांबडा रंग खिडकीतल्या उन्हाने विटतो. जुन्या मेगो बाहुल्यांचे हातपाय आतून रबरी दोरीने बांधलेले असत. ती दोरी हवेतील प्राणवायूने कडक होऊन तुटते, आणि एके दिवशी कपाट उघडावे तो वीराचे अवयव सुटून पडलेले दिसतात. याला उपाय फार नाहीत. ऊन लागू देऊ नये, दमट जागा टाळावी, जागा शक्य तितकी थंड असावी आणि बाहुला घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने तर पावसाळ्यात बारीक स्क्रूंना चढणाऱ्या गंजाकडे विशेष लक्ष द्यावे.

शत्रूंबरोबर ठकही आले. बाहुल्याचे जुने अंग तर मुबलक मिळते. त्याच्यावर चढविण्यासाठी नवा कोट शिवणे किती सोपे! तुटक्या बाहुल्याच्या दुरुस्तीसाठी नक्कल केलेले कपडे उघडपणे विकले जातात, आणि त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा अशी नक्कल दहा वर्षांनी तिसऱ्याच माणसाच्या हाती मूळ वस्तू म्हणून पडते. म्हणून अनुभवी संग्राहक शिवणीची पद्धत पाहतो, कापडाचा पोत पाहतो, पाठीवर उमटलेल्या मुद्रेतील अक्षरे भिंगाने वाचतो. जुन्या नाण्यांचा अभ्यासक याहून वेगळे काय करतो?

येथवर आले म्हणजे या छंदातला मूळ पेच समोर उभा राहतो. ज्या बाहुल्याचे खोके कधी उघडलेच गेले नाही, पुठ्ठ्यावरचा पारदर्शक फुगवटा ज्याच्यावरून कधी सोलला गेला नाही, तो सर्वांत मोलाचा. अमेरिकेत अशा वस्तूंना गुण देणाऱ्या संस्था आहेत. ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’ ही त्यांतली एक. बाहुला तपासून त्या त्याला शंभरांपैकी गुण देतात आणि स्वच्छ प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करून टाकतात. खेळण्यासाठी जन्मलेली वस्तू खेळली गेली नाही म्हणून तिचा सन्मान व्हावा, यात काहीतरी करुण आहे. ते खोके एखाद्या मुलाच्या हाती पडले असते तर? की पडले होते, आणि ते मूल उघडण्यापूर्वीच आजारी पडले, किंवा दुकानच बंद झाले? उघडले न गेलेल्या प्रत्येक खोक्याभोवती कोणाचा तरी न झालेला आनंद गुंडाळलेला असतो. गंमत अशी की, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील खेळांच्या संग्रहालयाने आपल्या सन्मानित खेळण्यांच्या दालनात २००४ साली जी. आय. जोला स्थान दिले, आणि पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, तोच मान दिला रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याला. मुलांनी त्या खोक्याचे घर केले, जहाज केले, अग्निबाण केला, म्हणून. खोक्याचे खरे मोल कशात, याचे हे उत्तर मला अधिक पटते.

मग संग्रह करणेच चूक की काय? तसेही मला वाटत नाही. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांनी उभारलेले आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय १९६५ पासून आहे. त्याचे बीज हंगेरीच्या राजदूताने मुलांच्या चित्रस्पर्धेसाठी बक्षीस म्हणून दिलेल्या एका बाहुलीत होते. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्या शासनाच्या हवाली केल्या आणि संग्रहालयाला बालवयात गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. ज्या वस्तूंना त्यांच्या काळी कोणी किंमत दिली नाही त्याच पुढील काळाशी सर्वांत मोकळेपणाने बोलतात. कोणी वेडा त्या उचलून ठेवतो म्हणून त्या बोलू शकतात, एवढेच. प्रश्न संग्रह करावा की नाही हा नसून, कशासाठी करावा हा आहे.

आपल्या देशातही हा प्रवाह थोडा पोहोचला. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीने गोव्यात खेळण्यांचे उत्पादन सुरू केले, आणि हॅस्ब्रोच्या परवान्याने जी. आय. जोचे पावणेचार इंची वीर भारतातच घडू लागले. हा जो म्हणजे १९६४ चा साधा सैनिक नव्हे. १९८२ साली त्याचा पुनर्जन्म झाला तोच मार्व्हलच्या चित्रकथेबरोबर. लॅरी हामा यांच्या लेखणीने त्याच्या जगात लेझरच्या बंदुका आणि यंत्रसैनिक आणले होते. भारतीय बाहुल्यांचे रंग काही वेळा अमेरिकेतल्याहून निराळे असत. येथील मुलाला त्याचे काही वाटले नाही. पण आज परदेशातले संग्राहक नेमक्या त्या निराळ्या रंगांसाठी हे भारतीय बाहुले शोधीत असतात.

माझा एक भाचा इंदुरात वाढला. १९९० च्या सुमारास त्याच्याकडे असे पाच-सहा बाहुले होते. त्यांच्याशी तो मनमुराद खेळला. परिणामी साऱ्यांच्या कमरा तुटल्या. कंबर तुटलेले ते वीर माझ्या बहिणीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवले. “असू दे, जागा थोडीच खातात!” एवढेच तिचे म्हणणे. अमेरिकन गृहिणीची कथा सांगताना मला नेहमी माझ्या बहिणीची आठवण होते. काही टाकून द्यावयाचे नाही, हे आपल्या घरांचे व्यसन कधीकधी असे उपयोगी पडते.

दोन वर्षांपूर्वी घर रिकामे करताना तो डबा खाली आला. भाच्याने मला फोन केला, “मामा, हे अजून आहेत!” पस्तीस वर्षांत त्याच्या आवाजात एवढा उल्हास मी क्वचित ऐकला असेन. या बाहुल्याच्या पाठीत एकच बारीक स्क्रू असतो. तो काढला की छातीचे दोन भाग वेगळे होतात, आणि आत धातूच्या आकड्याला अडकविलेले एक काळे रबरी कडे दिसते. वरचे धड आणि पाय यांना जोडणारे तेच. बाहुल्याला काही झाले नव्हते, फक्त ते कडे कुजले होते. भाच्याने नळाचे सामान विकणाऱ्या दुकानातून त्याच मापाची कडी आणली, तीही चार-सहा रुपयांची, आणि एका रविवारी सगळी पलटण पुन्हा पायांवर उभी केली. रंग उडाला आहे, बंदुका केव्हाच हरवल्या आहेत, पुठ्ठा नाही, फुगवटा नाही. गुण देणाऱ्या संस्थेने त्यांना शंभरांपैकी कितीसे गुण दिले असते, याचा विचार न केलेला बरा.

त्यांतले पाच त्याने कपाटात ठेवले आणि एक सहा वर्षांच्या मुलीच्या हाती दिला. हा कोण, कोणाशी लढतो, तिला काहीच ठाऊक नव्हते, आणि तिने विचारलेही नाही. तिची भातुकली मांडलेली होती. त्या अंतराळयुगीन लढवय्याला तिने पाटावर बसविले, पुढ्यात इवल्या ताटलीत चुरमुरे वाढले, आणि, “बाबा आत्ताच कचेरीतून आलेत,” असे तिने आम्हांला गंभीरपणे सांगितले.